सुखदेवकाकांच्या खिडकीतली लिंबं

आमच्या शेजारच्या खिडकीत बारा महिने लिंबं टोचलेली असतात. दुकानाच्या दाराला मिरचीसोबत टांगतात तशी नाही. प्रत्येक लिंबू वेगळ्या धातूच्या पट्टीवर खुपसलेलं, पट्टी लाकडी ठोकळ्यात उभी केलेली आणि ठोकळ्यावर खडूने वार लिहिलेला. अशी पाच, कधी सात, एकदा तर अकरा. खामगावच्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यातच माझ्याकडे येतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली करून विचारतो, "भाऊ, थे बाजूचे काका काही करतेत काय?"

"करतेत ना," मी सांगतो. "कट्यार करतेत."

माणसाचा चेहरा आणखीच उतरतो.

समोर राहायला आलेल्या एका बाईंनी तर भीतीपोटी आपल्या उंबऱ्यासमोर राखेची रेघ ओढली होती. सुखदेवकाकांनी ती पाहिली. खाली बसले, चिमूट उचलून बोटांत चोळली आणि बाईंना म्हणाले, "ताई, गोवरीची राख दिसते. पितळ घासाले एक नंबर. उरली असन तर वाटीभर द्या." बाईंनी घाबरून डबाच दिला.

काका म्हणजे जिनिंग फॅक्टरीतले निवृत्त फिटर. उभा जन्म सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांत गेला. उंच, किडकिडीत, अंगात पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात, लोक पेन ठेवतात तिथे, बोटाएवढी कानस. कुठलाही धातू दिसला की त्यांचा हात खिशाकडे जायचा. एकदा एस.टी.त शेजारच्या माणसाची अंगठी बघून म्हणाले, "पाहू द्या बरं आत काय हाये," आणि त्याने हो-नाही म्हणायच्या आत कानशीचा एक हात मारला. आत पितळ निघालं. सासऱ्याने सोन्याची म्हणून घातलेली अंगठी होती. तो माणूस बुलढाण्याला जायचा होता, तो चिखलीलाच उतरला आणि सासुरवाडीची गाडी धरली म्हणे.

मी गजानन. गल्लीत गज्या. धंदा लग्नाच्या फोटोंचा. काकांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि ती अशी की त्यांच्याकडे फोडणी पडली की माझ्या बायकोला ठसका लागतो. त्यांचा एकुलता एक मुलगा निलेश माझ्या वर्गातला. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो इंजिनियर होऊन पुण्याला गेला आणि मी इथेच लोकांना "जरा हसा" म्हणत राहिलो.

ही सगळी लिंबं निलेशसाठीच. आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. दृष्ट लागू नये म्हणून. हळद उतरेपर्यंत ती सोडायची नाही. जेवताना मांडीशी, झोपताना उशाशी. पण घरची कट्यार कुणाकडे असते? गावात एखाद्याकडे असते, तीच प्रत्येक लग्नात फिरते. आता तर भाड्यानेही मिळते, पत्र्याची, लाल मखमल चिकटवलेली. एका लग्नात मी नवरदेवाचा फोटो घेत होतो, लिंबू जरा कडक निघालं आणि कट्यारच वाकली. मी हसत हसत काकांना सांगितलं. काका हसले नाहीत. दोन दिवस त्या अनोळखी पोरासाठी हळहळत होते. "पत्र्यानं सुरुवात झाली रे त्याच्या संसाराची," म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या लग्नात याहून वाईट झालं होतं. कट्यार पाटलांच्या घरून उसनी आणलेली. त्याच दिवशी गावात दुसरं लग्न निघालं, तेही पाटलांच्या भावकीतलं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत पाटलांचा माणूस आला आणि नवरदेवाच्या हातातली कट्यार लिंबासकट घेऊन गेला. आता मोकळ्या हाताने कसं उभं राहायचं? कुणीतरी आचाऱ्याकडून कांदे कापायची सुरी आणून दिली. त्या लग्नाचा एकच फोटो आहे, मीच तो धुऊनपुसून मोठा करून दिला. त्यात काका उजवा हात पाठीमागे लपवून उभे आहेत आणि विमलकाकू बाशिंगाखालून खुदूखुदू हसताहेत. काकू जन्मभर त्यांना चिडवायच्या, "मी तर कांदेवाल्यासंगं लगन केलं बाई." पण गेल्या तेव्हा, दवाखान्यात, एवढंच बोलल्या म्हणे की माझ्या निल्याच्या हातात उसनी कट्यार देऊ नका.

त्यानंतर वर्षभरात खिडकीत पहिलं लिंबू आलं.

आता तुम्ही म्हणाल, कट्यार ती काय, लोहाराकडे टाकली की आठ दिवसांत तयार. मीही तेच म्हणालो होतो. काकांनी मला ओट्यावर बसवलं आणि अर्धा तास घेतला. "हे पाय गज्या. कट्यार दिसालेबी पाह्यजे अन चालालेबी पाह्यजे. नुसती दिसन तर थे खेळणं झालं. नुसती चालन तर मग कांद्याची सुरीच धर ना बे. आता अडचण कुठी हाये? ज्या पोलादाले धार ठरते, त्याले लिंबू काळं करते. अन ज्याले लिंबू काही करत नाही, त्याले धार ठरत नाही. नवरदेवाच्या हाती तीन दिवस लिंबू राह्यते. तिसऱ्या दिवशी लग्नाच्या फोटोत पातं काळं दिसन. तूच काढशीन ना फोटो? मंग?"

म्हणून ती खिडकी. ट्रकच्या कमानपट्ट्याचं पोलाद, जुन्या कानशीचं, बेअरिंगच्या कड्याचं, जिनिंगच्या यंत्रातल्या सुरीचं, आणि कुठल्यातरी हॉटेलच्या मोडक्या चमच्याचं स्टीलसुद्धा. प्रत्येकावर लिंबू, आणि प्रत्येकाला एकच न्याय: "तीन दिवस पाहू."

हे तीन दिवस त्यांनी मग सगळ्याच जगाला लावले. नवा कुकर आणला, तीन दिवस पाहू. नवा आमदार निवडून आला, तीन दिवस पाहू. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली तर गोळी खिडकीत लिंबाशेजारी ठेवून म्हणाले, तीन दिवस पाहू. निलेशने पुण्यातल्या मानसीबद्दल फोनवर सांगितलं तेव्हाही हेच बोलले. निलेश इतका घाबरला की मला रोज फोन. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आपणहून फोन लावला आणि म्हणाले, "आण तिले घरी. मी पोहे करतो." काकांचे तीन दिवस म्हणजे तीनच दिवस असत, चौथ्यावर कधी गेले नाहीत.

पाती ठोकून द्यायचे लोहारगल्लीतले रशीदभाई. नऊ पाती त्यांनी दिली, नऊ काकांनी परत नेली. शेवटी रशीदभाई भाता सोडून उठले आणि म्हणाले, "सुखदेवभाऊ, दुल्हा बुढ्ढा हो जाएंगा. फिर उसको कट्यार नै, लाठी लगेंगी." काका शांतपणे म्हणाले, "लाठीचं लाकूडबी पाहून ठेवू मग."

मुठीसाठी बळी जायचो मी. "तुया अन निल्याचा पंजा एकच हाये," असं म्हणून ते माझा हात धरायचे, तळव्याला तेल आणि हळद चोळायचे आणि मूठ हातात द्यायचे. "धर. आता फिरव. घसरली काय?" सागवानाची मूठ हलकी, नवरदेव विसरूनच जाईल हातात काय आहे ते. पितळेची जड, शिवाय घामाने हाताला वास येतो. म्हशीच्या शिंगाची दिसायला सुंदर, पण मे महिन्यात तडकली. एकदा मी तसाच पिवळ्या हाताने लग्नाची ऑर्डर घ्यायला गेलो तर मुलीचा बाप म्हणाला, "भाऊ, अगोदर तुमचं उरकून घ्या."

मला या सगळ्याची फार गंमत वाटायची. इथंच माझी चूक सुरू होते, आणि ती मी आज लपवणार नाही.

मी त्यांना खाद्य पुरवायला लागलो. माझ्या फोटोच्या दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असली की मुद्दाम काकांना हाक मारून म्हणायचो, "काका, शिवणयंत्राच्या दांड्याचं पोलाद पाह्यलं काय?" काका थबकायचे. डोळे बारीक करायचे. "नाही बे. बरं सांगितलं." आणि पुढचे पंधरा दिवस भंगाराच्या दुकानांतून शिवणयंत्रं शोधत फिरायचे. ते गेले की दुकानात हशा. मी नकलाही करायचो त्यांच्या. सायकलचा कणा, विहिरीच्या रहाटाची कडी, बंबाची जाळी, काय काय सांगितलं मी त्यांना! कट्यार दोन वर्षं आधी झाली असती. मी होऊ दिली नाही.

त्या मे महिन्यात मी सगळ्यात मोठी पुडी सोडली. निलेशचं लग्न दिवाळीनंतर खामगावात करायचं ठरलं होतं, काका त्याच घाईत होते. मी म्हणालो, "काका, लोणारचं तळं कशानं झालं?"

"उल्का पडली. लहान लेकरालेबी माहीत हाये."

"मग उल्का कशाची असते? लोखंडाची. आभाळातलं लोखंड, त्याले ना गंज, ना लिंबाचा डाग. तिथं एका म्हाताऱ्याजवळ त्याचा तुकडा हाये म्हणते."

"नाव काय त्याचं?"

दुकानात समोर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती. त्यावरचं एक नाव मी उचललं. "बाबूलाल."

दुकानातल्या लोकांनी तोंडाला रुमाल लावले. काकांनी खिशातली कानस चाचपली आणि शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले. जाताना मला म्हणाले, "हिवरा आश्रमाले मुक्काम करीन, मंग मेहकरावरून पुढं. खिडकीतल्या लिंबाहीवर ध्यान ठेव."

त्याच दिवशी दुपारी मी जेवत होतो आणि भिंतीपलीकडे फोन वाजायला लागला. काका फोन घरीच विसरले होते, चार्जिंगला लावून. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बंद घरात, कुलपाच्या आत. बायको म्हणाली, कोणीतरी सारखं लावतंय. मी म्हणालो, कंपनीवाले असतील, आणि भाताला ताक मागितलं.

मग माझा फोन वाजला. निलेश.

"गज्या, बाबा फोन काऊन नाही उचलत? ऐक. मानसीच्या बाबांचं ऑपरेशन ठरलं, हृदयाचं. तिच्या आईचं म्हणणं, त्याआधी लग्न लावा, त्याहीच्या डोळ्यादेखत. परवा रविवारी सकाळी, इथंच, घरातल्या घरात. तू बाबाले घेऊन ये. आजच्या आज निघा. अन कट्यार जशी असन तशी आणा म्हणा, झाली नसन तरी चालते."

माझ्या हातात घास तसाच. सांगायला हवं होतं की अरे, मीच त्यांना थापा मारून लोणारला पाठवलंय. जीभ वळली नाही. मी म्हणालो, "बाहेर गेले वाटते कुठं. येतीन संध्याकाळपर्यंत. आणतो मी."

वाटते! मला पक्कं ठाऊक होतं कुठे गेलेत ते.

संध्याकाळी काका आले नाहीत. शनिवारी माझी नांदुऱ्याला लग्नाची ऑर्डर होती. मोटारसायकल काढली असती तर तीन-साडेतीन तासांत लोणार गाठलं असतं. तळ्याकाठच्या चहाच्या टपऱ्यांवर पांढऱ्या सदऱ्यातला, बाबूलालला शोधणारा उंच म्हातारा कुणालाही विचारून सापडला असता. रातोरात पुण्याची गाडी मिळाली असती. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. आणि मी नांदुऱ्याला एका अनोळखी नवरदेवाला "मान जरा इकडे" सांगत होतो. निलेशचे फोन येत राहिले. पहिले उचलले, "अजून नाही आले" म्हणालो. नंतरचे उचललेच नाहीत.

रविवारी दुपारी त्याने एकच फोटो पाठवला. मानसी, तो, खुर्चीत बसलेले तिचे वडील. निलेशच्या हातात कट्यार होती, कुठून तरी भाड्याने आणलेली. सोनेरी प्लास्टिकची. आमचा धंदाच तो, मी फोटो मोठा करून पाहिला. लिंबूही प्लास्टिकचंच होतं.

काका त्याच संध्याकाळी परतले. मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी पाहिलं आणि आत पळालो. हो, पळालो. भिंतीपलीकडे कुलूप निघालं, भांडं वाजलं. मग त्यांचा फोनवरचा आवाज, इतका हळू की शब्द कळेनात. मी कान भिंतीला लावून उभा होतो, आणि बायको माझ्याकडे बघत होती.

सोमवारी सकाळी त्यांनीच हाक मारली. मी खाली मान घालून गेलो. आता बोलणी बसणार.

"गज्या, भेटला रे तुया माणूस!"

"कोण?"

"बाबूलाल! चांगला माणूस हाये. एका डोळ्यात फूल पडलेलं, दारात बकरी. चहा पाजला त्यानं. हे पाय." आणि त्यांनी माझ्या हातावर मुठीएवढा काळा तुकडा ठेवला. "आभाळातलं. खरं सांगितलं व्हतं तू."

जो माणूस मी पत्रिकेवरून उचलला, त्याला बकरी कुठून आली? मला वाटलं, तीन दिवस हिंडून हात हलवत आले, आता लाज झाकायला गोष्ट रचतात. मनात म्हणालो, म्हातारा तर माझ्यापेक्षा वस्ताद निघाला! देवाशपथ, मला हसू आलं. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. नंतर मी निलेशला विचारलं, काकांना सांगितलंस का? तो म्हणाला, "सांगितलं." आणि फोन ठेवला.

याला आता दीड वर्ष झालं. निलेश एकदाही खामगावला आला नाही. काका पुण्याला गेले नाहीत. मला वाटायचं, बापलेकांचं असतं काहीतरी, निवळेल. खिडकीत लिंबं येतच होती. मी मात्र नवनवीन धातू सांगणं बंद केलं. उलट वाकड्या वाटेने घरी जायला लागलो, त्या खिडकीवरून जावं लागू नये म्हणून. काका भेटले की तेच म्हणायचे, "काऊन बे, काही नवीन नाही सुचलं?"

या सोमवारी निलेशचा फोन आला. "गज्या, मुलगी झाली. बाबाले सांगशीन?"

"अरे, तूच सांग ना! आनंदाची गोष्ट हाये."

"मी काय सांगू? त्याहीले फुरसत पाह्यजे. माझ्या लग्नापरीस लोखंड मोठं व्हतं त्याहीले."

"असं काऊन म्हणतो?"

"मी नाही, थेच म्हणाले. त्या रात्री फोन केला, तर मी विचारलं, कुठी व्हते? म्हणाले, माझ्याच डोक्यात उल्केचं भरलं, कोणी सांगितलं नाही, कोणी पाठवलं नाही, मीच गेलो, गज्याले तर माहीतबी नव्हतं. सांग, असा बाप असते काय कुणाचा?"

"बरं" एवढंच म्हणून फोन ठेवला आणि चप्पल न घालता शेजारी गेलो.

काका ओट्यावर लिंबं बदलत होते. मी सांगितलं, "काका, निलेशले मुलगी झाली." त्यांच्या हातातलं लिंबू पडून गटारीपर्यंत गेलं. त्यांनी दोन्ही हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि आत गेले. बाहेर आले ते फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.

कट्यार होती. पुरी झालेली.

"हे कधी केलं?"

"दीड वर्ष झालं. लोणारावरून आलो त्याच आठवड्यात."

"मग ही लिंबं? रोजची?"

"खिडकी मोकळी दिसली असती तर लोक इचारतीन ना बे, झाली काय कट्यार, लगन कधी हाये?"

मी ती हातात घेतली. पातं कमानपट्ट्याचं, रशीदभाईंच्या हातचं दहावं, धार अशी की नुसतं बघून बोट मागे घ्यावं. आणि लिंबू टोचायचं ते टोक तेवढंच पांढरं, चमकणारं. काकांनी टोकाला कल्हई केली होती! आंबट वरण पितळेच्या पातेल्यात कळकू नये म्हणून आपल्या आया भांड्यांना करायच्या तीच. जे कोडं पंधरा धातूंना सुटलं नाही, ते कल्हईवाल्याने सोडवलं. म्यान जिनिंगच्या रुळाच्या जुन्या चामड्याचं. आणि मूठ शिसमाची, मधे किंचित फुगलेली, दोन्हीकडे निमुळती, गुळगुळीत. हातात धरल्यावर मला कळलं ते काय आहे. काकूंचं लाटणं होतं.

"तिचा हात लागून लागून असं झालं की घसरतच नाही," काका म्हणाले. "तेल लावून पाय."

"काका," मी म्हणालो, "बाबूलाल कुठंच नव्हता."

"हाव. दोन भेटले. एक केळं इकते. दुसरा सहा वर्षाचा हाये. तुकडा रस्त्यावरून उचलला व्हता."

"मग तुम्ही निलेशले माझं नाव काऊन नाही सांगितलं? मी पाठवलं व्हतं तुम्हाले! अन मले म्हणाले भेटला, बकरी होती, चहा पाजला..."

काका खाली बसले. लिंबाच्या साली गोळा करता करता बोलले.

"फोन पाह्यला मी घरी आल्यावर. निल्याचे इतके फोन. मंग समजलं काय झालं थे. तू तर गंमत केली व्हती, तुले काय माहीत त्याच दिवशी लगन निंगन? पण तू खुळ्यासारखं आयुष्यभर जाळून घेतलं असतं सोताले. अन निल्यानं तुयं तोंड पाह्यलं नसतं. त्याले एक भाऊ नाही, बहीण नाही, माय गेली. एक दोस्त हाये. बापावरचा राग पोरगं कधी ना कधी सोडते." मग जरा हसून म्हणाले, "तू मले खोटा माणूस देल्ला, मी त्याले खरा करून तुले वापस देल्ला. फिटलं."

मला तिथल्या तिथे रडू आलं. चाळिशीला आलेला माणूस, गल्लीत, अनवाणी. दीड वर्ष हा म्हातारा माझ्या वाटणीचा राग खात बसला होता, आणि मी त्याच्या नकला केल्या होत्या.

"हे पोचव पुण्याले," काका कट्यार गुंडाळत म्हणाले. "लेकराच्या उशाले लोखंड ठेवतेत सव्वा महिना. म्यानासकट ठेवा म्हणा. अन माह्याकडून म्हणून नको सांगू."

मी फोन काढला. काकांनी ओळखलं. "गज्या, नको. ठेव थो फोन. झाकलेलं हाये थे राहू दे."

मी लावलाच. त्यांच्यासमोर उभं राहून निलेशला सगळं सांगितलं. पत्रिका, बाबूलाल, दुकानातला हशा, त्या शुक्रवारी खरं न बोललो ते, नांदुऱ्याची ऑर्डर, न उचललेले फोन. माझं संपलं तसा त्याने फोन ठेवून दिला.

काका चिडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "गमावला ना दोस्त! काऊन सांगितलं बे?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. तीन दिवस पाहू."

आज तिसरा दिवस आहे.

खिडकीतली सगळी लिंबं काकांनी काढून टाकली. एकच आहे, कट्यारीच्या टोकावर, आणि सकाळी जाऊन पाहिलं, डाग नाही. काकांनी दाढी केली, नवा सदरा घातला आणि फोन मांडीवर घेऊन आत बसले आहेत. मला दोनदा हाक मारून झाली, "चार्जिंग भरून हाये ना बे? पाय बरं." आज माझी ऑर्डर होती, पहिल्यांदाच दुसऱ्या फोटोग्राफरला दिली. दुपार झाली, बायकोने ताट वाढून ठेवलंय. मी भिंतीला पाठ लावून बसलो आहे. त्या शुक्रवारी हाच फोन याच भिंतीपलीकडे वाजत होता आणि मी ताक मागत होतो. आज घास खाली उतरत नाही. वाज रे बाबा, एकदा वाज.